दुःखानं देव जवळ येतो की मायेनं? (गड्ड्याच्या तोंडावर पडलेला प्रश्न)

विजापूर_वेस (धागाकर्ती) | ३ जानेवारी, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचत होते, आज लिहितेय. लांबलं तर सांभाळून घ्या.

दिवाळीच्या आधी बाबा गेले. आठ महिने आजारपण चाललं, सगळं आईनं एकटीनं काढलं. मी जुळे सोलापूरला, नोकरी सांभाळून जमेल तसं यायची. त्या आठ महिन्यांत आईनं एक सोमवार चुकवला नाही. तळ्यातल्या सिद्धेश्वराला जायची, येताना विभूती आणून बाबांच्या कपाळाला लावायची. बाबा स्वतः तरुणपणापासून बाराबंदी (यात्रेतला पांढरा अंगरखा) घालून नंदीध्वजांबरोबर, म्हणजे मिरवणुकीतल्या मानाच्या उंच काठ्यांबरोबर चालणारे. आमच्या घरात जानेवारी म्हणजे संक्रांत नाही, गड्डा, सिद्धेश्वराची यात्रा.

तेराव्यानंतर आईनं देवघराचा पडदा ओढला, तो अजून उघडलेला नाही. समई घासली, कोरडी केली आणि स्वयंपाकघरात फळीवर पालथी घातली, बाकीच्या भांड्यांच्या रांगेत. तांब्या, पातेली, समई.

परवा मासिक श्राद्धाला मावशी आलेली. म्हणाली, "अगं, देव दुःख देतो ते जवळ ओढायसाठी. सुखात कोण आठवतंय त्याला?" आई शेंगा सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "जवळ म्हणजे किती जवळ? माझं माणूसच नेलं की त्यानं." मावशी गप्प.

तेव्हापासून डोक्यात घोळतंय. माणूस देवाजवळ जातो तो खरंच दुःखामुळे, की मायेमुळे? पुस्तकातलं सांगितलंत तरी चालेल, पण स्वतःचं असेल तर आधी ते सांगा.

---

माढेकर_वारकरी | ३ जानेवारी, रात्री १०.१५

रामकृष्णहरी माउली. वडिलांना सद्गती लाभो.

मावशींचं बोलणं वेळ चुकून आलं, पण निराधार नाही. भागवतात कुंती श्रीकृष्णाकडं काय मागते? आमच्यावर सतत विपत्ती येऊ देत, कारण विपत्तीत तुझं दर्शन होतं. तुकोबांचंच घ्या. १६३०च्या दुष्काळात व्यापार बुडाला, घरातली माणसं गेली. त्यावर महाराज काय म्हणतात? "बरें जालें देवा निघालें दिवाळें । बरी या दुष्काळें पीडा केली ॥" दिवाळं निघालं ते बरं झालं म्हणणारा माणूस आपण बघितलाय का कुठं? दुःखानं संसाराची गोडी सुटते आणि मग नामाची लागते.

---

मागवाला | ३ जानेवारी, रात्री ११.०२

ताई राग मानू नका, जे बघितलं ते सांगलालोय.

आमचे चार माग होते. वडील टॉवेल काढायचे, त्याआधी चादर. सोलापुरी चादरीला २००५ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पेपरात फोटो आला, आमच्या मागाला गिऱ्हाईक काय मिळालं नाही. एकेक करून माग भंगारात गेले, किलोवर. त्या दिवसांत आमच्या घरात देव कुणाला आठवला नाही. हप्ता आठवायचा. सकाळी उठलं की हप्ता, रात्री झोपताना हप्ता. दुःखात माणूस देवाचं नाव घेतो म्हणणाऱ्यांनी एकदा कर्ज काढून बघावं.

आणि एक. आम्ही पद्मशाली लोकं मार्कंडेयाला मानतो, नारळी पौर्णिमेला रथ निघतो ते तुम्ही बघितलंच असणार. आता मार्कंडेय पिंडीला मिठी मारून बसला ते दुःखानं का प्रेमानं? सोळा वर्षांचं पोरगं, समोर यम फास घेऊन उभा. भीतीनं हो! भ्यालेलं पोर आईला धरतं तसं धरलं. तुमच्या प्रश्नात तो पर्यायच नाही.

---

हुरडा_पार्टी | ३ जानेवारी, रात्री ११.३०

+१ मागवाला. "हप्ता आठवायचा" वाचून हसू आलं आणि मग आलं नाही.

---

नाईट_ड्युटी | ४ जानेवारी, पहाटे ४.२०

मी नर्स आहे, बावीस वर्षं झाली. कुठल्या दवाखान्यात ते महत्त्वाचं नाही.

वॉर्डात देव भरपूर असतो. उशीखाली अंगारा, सलाईनच्या स्टँडला लाल दोरा, अक्कलकोटचं तीर्थ बिस्लेरीच्या बाटलीत. एकदा एका आजोबांच्या खाटेला तीन देवांचे फोटो आणि एका दर्ग्याचा ताईत होता, आणि शेजारच्या खाटेवरचे पाव्हणे येताजाता सगळ्यांच्याच पाया पडायचे. पण हे सगळं नातेवाइकांचं असतं. खाटेवरच्या माणसाचं वेगळं. कळ उठते तेव्हा माणूस "देवा" म्हणत नाही. "आई गं" म्हणतो. सत्तर वर्षांचा म्हातारा, त्याची आई जाऊन चाळीस वर्षं झालेली, तोसुद्धा "आई गं". कानडी असेल तर "अव्वा", तेलुगू असेल तर "अम्मा". मी कधी मोजलं नाही, पण देवाचं नाव फार क्वचित ऐकलंय, आणि ते बहुतेक दुखणं ओसरल्यावर.

म्हणून मला वाटतं, दुखत असताना आत जागाच नसते. देव आठवायलासुद्धा थोडं बरं वाटावं लागतं.

नवसाचं तर विचारूच नका. डिस्चार्जच्या दिवशी तुळजापूरला चालत जाणार म्हणणारे कितीतरी. कोजागिरीला सोलापुरातनं तुळजापूरला जी एवढी माणसं चालत जातात त्यात नवसवाले असतातच. पण मी दोनदा गेलेय, आणि माझ्या बरोबरीनं चालणाऱ्या बहुतेकींनी काही मागितलेलं नव्हतं. दरवर्षी जातो म्हणून जातो, एवढंच.

---

सोन्नलिगे | ४ जानेवारी, सकाळी ८.५०

विजापूर वेशीतली मुलगी हा प्रश्न विचारते आणि सगळे देहू-हस्तिनापूर फिरून येतात, सिद्धरामाकडं, म्हणजे आपल्या सिद्धेश्वराकडं, कुणी बघत नाही, याची गंमत वाटली. हा प्रश्न आपल्या गावात आठशे वर्षांपूर्वी विचारून झालाय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. सिद्धराम लहान, कमी बोलणारं, गुरं राखणारं पोर. सोलापूर तेव्हा सोन्नलिगे. एक दिवस शेतात एक जंगम येतो, नाव सांगतो मल्लय्या, गाव श्रीशैल. पोरगं त्याला हुरडा भाजून देतं. जंगम खातो आणि म्हणतो, पोटात आग पडली, दहीभात आण. पोर धावत घरी. आई आश्चर्यात, कारण हे पोर कधी काही मागत नाही. दहीभात घेऊन परत येतं तर शेतात कुणी नाही. मग "मल्लय्या, मल्लय्या" करत रडणं, श्रीशैलाला निघालेल्या यात्रेकरूंच्या मागनं चालत जाणं, तिथं मंदिरात लिंग दाखवून "हाच मल्लय्या" म्हणणाऱ्यांना "हा नव्हे" म्हणणं, आणि शेवटी कड्यावरनं उडी घ्यायला निघणं. तिथं मल्लिकार्जुनानं हात धरला. राघवांकाच्या कानडी सिद्धरामचरित्रात हे फार सुंदर आलंय.

आता बघा. दुःख आहे, प्रचंड आहे. पण कुठनं आलं? आधी हुरडा भाजून दिला म्हणून. माया लागली नसती तर शेतात एक पाव्हणा आला नि गेला, एवढंच झालं असतं. दुःख ही मायेचीच मागची बाजू. वेगळं काढता येत नाही.

आणि पोरानं कड्यावरनं देवाकडं काही मागितलेलं नाही. दहीभात गार होतोय, हे त्याचं दुःख.

गड्ड्यातली अक्षता तर उघडउघड प्रेमकथा आहे. कुंभारकन्येला सिद्धरामाशीच लग्न करायचं होतं. ते योगी, नाही म्हणाले, शेवटी योगदंडाशी लग्न लावायला परवानगी दिली. तेच लग्न आपण दरवर्षी संमती कट्ट्यावर लावतो. सात नंदीध्वज, लाखांत माणूस, आणि नवरदेव म्हणजे काठी.

---

कोरडा_ओढा | ४ जानेवारी, सकाळी १०.१०

मी नास्तिक. तरी प्रश्न आवडला, कारण प्रश्नाच्या पोटातली लबाडी ताईंच्या आईंनी एका वाक्यात पकडली.

माढेकर काका, तुकोबांचा अभंग मलाही आवडतो. पण त्या दुष्काळात त्यांची पहिली बायको रखमाबाई अन्नावाचून गेली. तिला कोण विचारणार, बरं झालं का म्हणून? एकाचा वैराग्याचा धडा व्हावा म्हणून दुसऱ्यानं उपाशी मरायचं, हा कसला देव? तुकोबा स्वतःच्या दिवाळ्याबद्दल बोलले, तो त्यांचा अधिकार. आपण तो अभंग दुसऱ्याच्या दारात जाऊन म्हणतो तेव्हा त्याचा दगड होतो.

आणि दुःखानं देव जवळ येत असता तर चोखोबा गाभाऱ्यात बसलेले असते. त्यांच्याइतकं सोसलेलं कोण? मंगळवेढ्याला गावकुसाचं काम करताना भिंत अंगावर पडून गेले. हाडांतनं विठ्ठल विठ्ठल ऐकू आलं म्हणून नामदेवांनी ती ओळखली म्हणतात. मग त्या हाडांना जागा कुठं मिळाली? महाद्वाराबाहेर, पायरीशी. पुढच्या सहाशे वर्षांत त्यांच्या लोकांना आत पाऊल टाकता आलं नाही. १९४७ला साने गुरुजींनी उपोषण केलं तेव्हा दार उघडलं. चोखोबांच्या दुःखानं पायरीपर्यंतच नेलं. आत नेलं ते दुसऱ्या कुणाच्या तरी मायेनं, आणि तीही उपाशी बसलेल्या माणसाच्या.

(सोन्नलिगे, कुंभारकन्येची गोष्ट अर्धी सांगितलीत. अक्षतेच्या दुसऱ्या दिवशी होमात तिच्या प्रतिकृतीला अग्नी देतात, ते का गाळलंत?)

---

सोन्नलिगे | ४ जानेवारी, सकाळी १०.४०

गाळलं नाही, पोटापाण्याला जायचं होतं.

---

पार्क_चौक | ४ जानेवारी, दुपारी २.०५

आम्ही ख्रिस्ती, तीन पिढ्या सोलापुरात. आजीच्या तोंडी बायबल आणि शेंगाचटणीची कृती सारख्याच अधिकारानं असायची.

तुमच्या मावशींवरनं मला ईयोबाचे मित्र आठवले. ईयोब भला माणूस. त्याची गुरंढोरं, मुलंबाळं सगळी जातात, अंगभर फोड येतात. तीन मित्र भेटायला येतात. येतात ते सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहतात, एक शब्द बोलत नाहीत. आजी म्हणायची, इथंच थांबले असते तर संत झाले असते. पण मग तोंड उघडतात. तुझंच काहीतरी चुकलं असेल, देव वळण लावतो, वगैरे. पानंच्या पानं. ईयोब उलट देवालाच जाब विचारत राहतो, जन्मलो तो दिवस जळो म्हणतो.

शेवटी देव बोलतो, ईयोबालाही ऐकवतो. पण त्या मित्रांवर तो रागावतो. म्हणतो, ईयोब माझ्याविषयी जे बोलला ते नीट होतं, तुम्ही बोललात ते नव्हे. भांडणारा बरोबर ठरला आणि देवाची बाजू घेणारे चूक.

मावशींना हे सांगू नका. पुन्हा येतील तेव्हा त्यांच्याही हातात शेंगा द्या.

---

विजापूर_वेस (धागाकर्ती) | ४ जानेवारी, रात्री ९.१५

एवढी उत्तरं येतील असं वाटलं नव्हतं. पार्क_चौक, मावशीचं नाव काढून हसले, बऱ्याच दिवसांनी. नाईट_ड्युटी, बाबासुद्धा "आई गं"च म्हणायचे. मला वाटायचं हे आमच्याच घरात.

मल्लय्याची गोष्ट आईला वाचून दाखवली. म्हणाली, "मला सांगतीस होय? आमच्या अव्वाच्या मांडीवर ऐकलीय." मग थोड्या वेळानं स्वतःच म्हणाली, "जेवायला वाढून आणावं तर हा गायब. त्याचं जुनंच आहे ते."

---

माढेकर_वारकरी | ५ जानेवारी, सकाळी ६.३०

कोरडा_ओढा, रात्री झोप लागली नाही तुमच्यामुळं. रखमाबाईचा मुद्दा मान्य. कीर्तनात तो अभंग शंभरदा सांगितला असेन, तिचं नाव एकदाही घेतलं नाही. आता घेईन.

माझं स्वतःचं सांगा म्हणाल्या होत्या ताई, मी शास्त्र सांगत बसलो. तर माझं. थोरला मुलगा अपघातात गेला, त्या आषाढीला मी वारीला निघालो नाही. माळ खुंटीला. शेगावच्या गजानन महाराजांची पालखी सोलापुरात मुक्कामाला असते, तिथं दरवर्षी मी पाणी द्यायला यायचो. त्या वर्षी आलो नाही. पुढच्या वर्षी बायको म्हणाली, तुम्ही त्याच्याशी बोलू नका, पण लोकांना पाणी देऊन या की. आलो. एका वारकरणीच्या टाचेला भेग पडून रक्त येत होतं, तिचा पाय धुतला, कोकम तेल लावलं. ती म्हणाली, "माउली, लेकाला सुखी ठेवो तुझ्या पांडुरंग." कुठला लेक तिला काय ठाऊक. मी तिथंच बसून रडलो. त्या दिवशी माळ घातली परत.

आता हे दुःखामुळं का मायेमुळं, तुम्हीच ठरवा. गीतेत चार प्रकारचे भक्त सांगितलेत, आर्त, जिज्ञासू, अर्थार्थी, ज्ञानी. मी त्या दिवशी चारांतला एकही नव्हतो. पाय धुणारा होतो.

तुमच्या आईंचं म्हणाल तर त्यांनी देवाशी अबोला धरलाय. अबोला घरच्या माणसाशीच धरतात. परक्याशी नुसतं बोलणं नसतं.

---

मागवाला | ५ जानेवारी, सकाळी ९.००

काका, हात जोडले.

---

कोरडा_ओढा | ५ जानेवारी, सकाळी ९.४५

माझेही. मतं तीच, पण हात जोडले.

---

उत्तर_कसबा | ५ जानेवारी, दुपारी १२.२०

भावनिक लेखन छान आहे, पण एक सांगू का? देवाला मध्ये न आणता हेच सगळं सांगता येतं. दुःखात माणसाला माणूस लागतो, तो मिळाला नाही की देव लागतो. संपला प्रश्न.

---

नाईट_ड्युटी | ५ जानेवारी, संध्याकाळी ६.१०

उत्तर_कसबा, दिवसा बोलायला बरं आहे हे. रात्री तीन वाजता वॉर्डात माणूस असतो, मीच असते. सलाईन बदलते, हात धरते. तरी तो छताकडं बघून कुणाशी तरी बोलत असतो. माझ्याशी नाही.

---

हुरडा_पार्टी | ५ जानेवारी, संध्याकाळी ७.००

अवांतर: दहीभाताचं वाचून भूक लागली. मल्लय्याला हुरड्यानं पोटात आग पडली याचं नवल नाही, नुसता हुरडा पोटभर खाल्ला की पडतेच. सोबत ताक, दही लागतंच. देव असला म्हणून काय झालं.

---

सोन्नलिगे | ५ जानेवारी, संध्याकाळी ७.२५

हे अवांतर नाही, हीच या धाग्यावरची सगळ्यात मूलगामी टीका आहे. :)

कोरडा_ओढाला उत्तर राहिलं होतं. होमाचं मी मुद्दाम गाळलं हे खरं. लहानपणापासून ते बघताना पोटात कालवतं. प्रेम केलं म्हणून दंडाशी लग्न, आणि वर अग्नी. तुम्ही म्हणाल की प्रेमसुद्धा शेवटी बाईच्याच अंगावर येतं. माझ्याकडं उत्तर नाही. कानडी संत अक्कमहादेवीसारखी एखादी चन्नमल्लिकार्जुनालाच, शिवालाच, नवरा मानते, राजाचं घर सोडून एकटी श्रीशैलाची वाट धरते आणि वचनांतनं स्वतःचं बोलते. कुंभारकन्येचं एक वाक्यसुद्धा आपल्यापर्यंत आलेलं नाही. अक्षता टाकताना यंदा ते आठवेल, एवढंच कबूल करतो.

---

विजापूर_वेस (धागाकर्ती) | १७ जानेवारी, रात्री १०.३०

धागा वर काढतेय, माफ करा.

अक्षतेच्या आदल्या रात्री आईकडं मुक्कामाला होते. यंदा नंदीध्वज दारावरनं जाताना बघायचे कसे याचीच धास्ती. पहाटे साडेतीनला डब्यांचा आवाज आला म्हणून उठले, तर आई माळ्यावरनं रांगोळीचा डबा काढत होती. काही बोलले नाही. दोघींनी मिळून रस्ता झाडला, सडा मारला. अख्ख्या गल्लीतल्या बायका रस्त्यावर बसलेल्या, एकीच्या रांगोळीला लागून दुसरीची. आई दरवर्षी काढते तेवढीच जागा मोजून बसली, आमच्या दारापासून विजेच्या खांबापर्यंत. गुडघे दुखतात म्हणून पाटावर.

न राहवून विचारलं, राग गेला का? म्हणाली, "राग राहू दे तिकडं. आपल्या दारापुढं मोकळं दिसलं तर लोक म्हणतील ह्या घरात कोण राहत नाही."

दुपारी नंदीध्वज आले. "एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र" चाललेलं. बाबांच्या जोडीदारांपैकी एकजण आईला बघून थबकले, काही न बोलता पुढं गेले. सगळ्यांनी हात जोडले. आईनं जोडले नाहीत. तिची बोटं रांगोळीनं पांढरी होती, ती पदराला पुसत राहिली. माझ्याच डोळ्यांत पाणी, तिच्या नाही. ती खांबाजवळच्या रांगोळीकडं बघत होती, कुणाचा तरी पाय पडून फिसकटली होती.

संमती कट्ट्यावर गेलो नाही.

रात्री मी भांडी आवरत होते. आईनं विचारलं, "दही आहे का?" मला वाटलं तिलाच हवंय. भात कालवला, वरनं फोडणी नाही, मीठ बेताचं, बाबांना द्यायची तसा. वाटी घेऊन आत गेली. थोड्या वेळानं मी बघितलं तर देवघराचा पडदा हातभर सरकलेला. आत दिवा नव्हता. समई अजून फळीवरच होती. देवांसमोर वाटी, तिच्यावर ताटली पालथी घातलेली, मांजर येतं म्हणून.

सकाळी उठले तेव्हा वाटी घासून रांगेत ठेवलेली होती. भात कुणी खाल्ला, मी विचारलं नाही.